चा, ची, चे, च्या : मराठीत षष्ठी बिनचूक कशी लिहावी

इंग्रजीत मालकी दाखवायची असली की नामाच्या शेवटी एक चिन्ह आणि ‘एस’ हे अक्षर जोडून बहुतेक काम भागते. मूळ नाम बदलत नाही आणि मालकीची वस्तू स्त्रीलिंगी आहे की पुल्लिंगी, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. मराठीतला षष्ठीचा प्रत्यय मात्र दोन्ही बाजूंनी बांधलेला असतो. ‘माणूस’ आणि ‘हात’ जोडताना ‘माणूस’चे आधी ‘माणसा’ होते आणि मगच ‘चा’ येतो. हाताऐवजी पाठ आली तर त्याच ‘चा’ची ‘ची’ होते. म्हणून षष्ठी लिहिताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. मालकाचे रूप कसे बदलेल, हा पहिला. आणि मालकीच्या वस्तूप्रमाणे प्रत्यय कोणता येईल, हा दुसरा. जन्माने मराठी असलेला माणूस दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहसा चुकत नाही. चुका होतात त्या पहिल्याच ठिकाणी, कारण तोंडातून बरोबर निघणारा शब्द कागदावर कसा उतरवायचा, हे कानाला नेहमीच कळत नाही.

पहिली पायरी : मालकाचे सामान्यरूप

प्रत्यय लागण्यापूर्वी नामात जो बदल होतो, त्याला सामान्यरूप म्हणतात, आणि तो बदल नामाचे लिंग व शेवटचा स्वर यांवर ठरतो. अकारान्त पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांचा शेवट ‘आ’ होतो : देव–देवाचा, घर–घराचा. आकारान्त पुल्लिंगी नामाचा शेवट ‘या’ होतो : घोडा–घोड्याचा, दाणा–दाण्याचा, नेता–नेत्याचा. ‘राजा’ आणि नात्यांतले ‘काका’, ‘मामा’, ‘दादा’ मात्र जसेच्या तसे राहतात. ‘राज्याचा’ असे लिहिले तर तो राजाचा न राहता राज्य या शब्दाचा होतो. नपुंसकलिंगी एकारान्त आणि ईकारान्त नामेही ‘या’कडेच वळतात : तळे–तळ्याचा, पाणी–पाण्याचा, लोणी–लोण्याचा. नपुंसकलिंगी ऊकारान्त नामांत दोन वाटा फुटतात. लिंबू, पाखरू, लेकरू यांचे लिंबाचा, पाखराचा, लेकराचा असे होते, तर कुंकू आणि गळू यांच्यामध्ये ‘व’ येऊन कुंकवाचा, गळवाचा अशी रूपे होतात.

आकारान्त पुल्लिंगी नामांच्या दोन पोटजाती वेगळ्या लक्षात ठेवाव्यात. शेवटी ‘सा’ असेल तर त्याचा ‘शा’ होतो : ससा–सशाचा, पैसा–पैशाचा, आरसा–आरशाचा, कोळसा–कोळशाचा. ‘पैस्याचा’ हे रूप कुठल्याही नियमात बसत नाही. शेवटी ‘जा’ असेल तर तो तसाच राहतो : दरवाजा–दरवाजाचा, मोजा–मोजाचा. ‘दरवाज्याचा’ असे लिहिण्याचा मोह होतो, कारण घोड्याचे ‘घोड्याचा’ होते हे डोक्यात पक्के बसलेले असते. पण प्रमाणलेखनात इथे ‘य’ येत नाही.

ईकारान्त पुल्लिंगी नामांत माळी, शिंपी, मंत्री, विद्यार्थी, प्राणी यांचे माळ्याचा, शिंप्याचा, मंत्र्याचा, विद्यार्थ्याचा, प्राण्याचा असे होते, तर हत्ती, कवी, मुनी, ऋषी बदलत नाहीत. या गटातला सर्वांत जास्त चुकणारा शब्द ‘पक्षी’ हा आहे. ‘पक्षांसाठी पाणी ठेवा’ असे फलक उन्हाळ्यात जागोजागी दिसतात आणि ते वाचून नेमक्या कोणत्या पक्षांची तहान भागवायची, असा प्रश्न पडतो. पक्षी–पक्ष्याचा, पक्ष्यांचा, पक्ष–पक्षाचा, पक्षांचा. त्या एका ‘य’मुळे चिमणीची गोष्ट राजकारणापासून वेगळी राहते.

ऊकारान्त पुल्लिंगी नामांसाठी एकच सूत्र सांगता येत नाही. विंचू–विंचवाचा आणि भाऊ–भावाचा ही जुनी, घरगुती रूपे; चाकू–चाकूचा, साधू–साधूचा ही न बदलणारी. ‘लाडू’ला दोन्ही चालतात, आणि ‘लाडवाचा डबा’ कानाला अधिक गोड लागतो असे माझे मत आहे.

स्त्रीलिंगी नामे : अनेकवचनाला विचारावे

आकारान्त स्त्रीलिंगी नामाचा शेवट ‘ए’ होतो : शाळा–शाळेचा, भाषा–भाषेचा. ईकारान्त नाम एकवचनात बदलत नाही : नदीचा, काठीचा. खरी अडचण अकारान्त स्त्रीलिंगी नामांची आहे, कारण ‘वीट’चे ‘विटेचा’ होते आणि ‘भिंत’चे ‘भिंतीचा’ होते, आणि दोन्ही शब्द नुसते पाहून हा फरक ओळखता येत नाही. इथे त्या शब्दाचे अनेकवचन करून पाहावे. अनेकवचन आकारान्त होत असेल तर सामान्यरूप ‘ए’ने संपते : विटा–विटेचा, माळा–माळेचा, जिभा–जिभेचा, सुना–सुनेचा, बागा–बागेचा, तारखा–तारखेचा. अनेकवचन ईकारान्त होत असेल तर सामान्यरूपही ‘ई’नेच संपते : भिंती–भिंतीचा, विहिरी–विहिरीचा, बहिणी–बहिणीचा, म्हशी–म्हशीचा, इमारती–इमारतीचा. इंग्रजीतून आलेले शब्दसुद्धा हीच शिस्त पाळतात : बँका–बँकेचा, फायली–फायलीचा, मोटारी–मोटारीचा.

ही युक्ती ‘क’ने संपणाऱ्या काही शब्दांपाशी दगा देते. निवडणूक, मिरवणूक, गुंतवणूक, बैठक यांची अनेकवचने निवडणुका, मिरवणुका, गुंतवणुका, बैठका अशी होतात, पण एकवचनी षष्ठी मात्र निवडणुकीचा, मिरवणुकीचा, गुंतवणुकीचा, बैठकीचा अशी होते. उलट ‘सडक’ पुन्हा नियमाने चालते आणि तिचे ‘सडकेचा’ होते. त्यामुळे ‘क’ दिसला की क्षणभर थांबून शब्द मोठ्याने उच्चारून पाहावा.

अनेकवचनी मालक असेल तर स्त्रीलिंगी नामांइतके सोपे काही नाही. अनेकवचनी रूप जसे असेल तसे घ्यावे, शेवटच्या अक्षरावर अनुस्वार द्यावा आणि प्रत्यय जोडावा : विटा–विटांचा, बहिणी–बहिणींचा, नद्या–नद्यांचा, स्त्रिया–स्त्रियांचा, सासवा–सासवांचा, निवडणुका–निवडणुकांचा. ‘व्यक्ती’ आणि ‘युवती’ यांचे अनेकवचन त्याच रूपात राहते, म्हणून व्यक्तींचा, युवतींचा. नदीच्या वळणावर जाऊन ‘व्यक्त्यांचा’ असे करू नये.

दुसरी पायरी : आतले अक्षर बदलते का

शेवटचा स्वर बदलला की बऱ्याचदा त्याच्या आधीचे अक्षरही हलते, आणि लेखनातल्या निम्म्याहून अधिक चुका इथे होतात असे मला वाटते. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांपैकी १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली आणखी ४ नियमांची भर पडली. या १८ नियमांतला बराच भाग सामान्यरूपाशी निगडित आहे. त्यातली मुख्य गोष्ट अशी की, उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ‘ई’ किंवा ‘ऊ’ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो : फूल–फुलाचा, मूल–मुलाचा, दूध–दुधाचा, ऊस–उसाचा, गरीब–गरिबाचा, वकील–वकिलाचा, जमीन–जमिनीचा. ‘दूधाचा’ आणि ‘फूलांचा’ ही रूपे दुकानांच्या पाट्यांवर इतकी रुळली आहेत की बरोबर लिहिलेलेच कित्येकांना चूक वाटते.

तीन अक्षरी शब्दाचे पहिले अक्षर दीर्घ असेल, तर मधला ‘ई’ किंवा ‘ऊ’ नुसता ऱ्हस्व न होता लोपतो आणि त्याच्या जागी ‘अ’ येतो : लाकूड–लाकडाचा, बेडूक–बेडकाचा, माणूस–माणसाचा, काळीज–काळजाचा, पाटील–पाटलाचा, तारीख–तारखेचा. त्याच चालीने मधल्या ‘ऊ’चा ‘व’ होतो : पाऊस–पावसाचा, देऊळ–देवळाचा.

हे सारे मराठी वळणाच्या शब्दांसाठी आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम शब्द आपला दीर्घ स्वर सोडत नाहीत : शरीर–शरीराचा, गीत–गीताचा, दूत–दूताचा, परीक्षा–परीक्षेचा. शब्द तत्सम आहे की नाही हे ओळखता आले नाही तर शब्दकोश उघडण्याला पर्याय नाही. अंदाजाने ‘शरिराचा’ लिहिण्यापेक्षा ते बरे.

आणखी दोन बदल नजरेतून निसटतात. ‘म’च्या आधीच्या अक्षरावर अनुस्वार असेल तर तो सामान्यरूपात जातो : किंमत–किमतीचा, गंमत–गमतीचा. आणि तीन अक्षरी शब्दात मधल्या ‘क’चे किंवा ‘प’चे द्वित्व असेल तर तेही सुटते : रक्कम–रकमेचा, छप्पर–छपराचा. घराच्या खरेदीखतात ‘किंमतीची रक्कमेची पावती’ असे काही वाचायला मिळाले, तर दोन्ही नियम एकाच ओळीत मोडलेले पाहायला मिळतात.

‘र’ने संपणाऱ्या शब्दांची गोष्ट वेगळी आहे. दोरा, वारा, कचरा, शेजारी यांना ‘या’ जोडताना ‘र’ आणि ‘य’ यांचा संयोग होतो, आणि तो रफाराने लिहायचा नसून अर्ध्या ‘ऱ’ने लिहायचा असतो : दोऱ्याचा, वाऱ्याचा, कचऱ्याचा, शेजाऱ्याचा. ‘आचार्यांचा स्वयंपाक’ असे लिहिले तर गुरुवर्यांना चुलीपुढे बसवल्यासारखे होते. स्वयंपाक आचाऱ्यांचा असतो. दर्याचा म्हणजे समुद्राचा, दऱ्यांचा म्हणजे डोंगरांमधल्या खोल भागांचा. संगणकावर टंकताना ‘र’ऐवजी ‘ऱ’ हे अक्षर घेऊन पुढे हलन्त आणि ‘य’ दिला की हे रूप बरोबर उमटते.

तिसरी पायरी : प्रत्यय वस्तूकडे पाहतो

शाळेतल्या विभक्तीच्या तक्त्यात षष्ठीसमोर एकवचनात ‘चा, ची, चे’ आणि अनेकवचनात ‘चे, च्या, ची’ असे छापलेले असते, आणि हे एकवचन-अनेकवचन मालकाचे आहे असा अनेक विद्यार्थ्यांचा समज होतो. इथे वचन मोजायचे ते वस्तूचे. मुलगा एकच असला तरी मुलाचा सदरा, मुलाची पाटी, मुलाचे पुस्तक. आणि वस्तू वाढल्या की मुलाचे सदरे, मुलाच्या पाट्या, मुलाची पुस्तके. मुले अनेक झाली तर फक्त डावीकडचा अनुस्वार वाढतो : मुलांचा सदरा, मुलांची पुस्तके. बोलताना आपण ‘मुलाचं पुस्तक’ म्हणतो आणि कथेतल्या संवादात तसे लिहायला हरकत नाही. औपचारिक लेखनात मात्र ‘मुलाचे पुस्तक’ असेच लिहावे.

वस्तूलाही पुढे प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले, तर लिंग-वचनाचे सारे भेद मिटतात आणि सर्वत्र ‘च्या’ येतो : मुलाच्या सदऱ्याला, मुलाच्या पाटीवर, मुलाच्या पुस्तकात, मुलांच्या पुस्तकांसाठी. सरकारी पत्रांत आणि न्यायालयीन कागदांत अजूनही ‘शासनाचे आदेशानुसार’, ‘अर्जदाराचे नावे’ असे आढळते. ती जुन्या दप्तरी मराठीची सवय आहे. आज लिहिताना ‘शासनाच्या आदेशानुसार’, ‘अर्जदाराच्या नावे’ असेच लिहावे, मग समोरचा नमुना कितीही जुना आणि शिक्क्यांनी भरलेला असो.

आदर दाखवतानाही प्रत्यय अनेकवचनी होतो, आणि तो दोन्ही टोकांना होऊ शकतो. मालकाला मान द्यायचा असेल तर अनुस्वार येतो : राज्यपालांचा दौरा, अध्यक्षांचे भाषण, मुख्याध्यापकांची खोली. मालकीच्या जागी माणूस असेल आणि मान त्याला द्यायचा असेल, तर रमेशचे वडील, रमेशच्या आजी असे लिहितात. ‘रमेशचा वडील’ मराठीत कोणी म्हणत नाही. घरात मात्र हा आदर भाषेपेक्षा नात्यावर ठरतो. ज्या घरात आईला ‘अगं’ आणि वडिलांना ‘अहो’ म्हणतात, तिथे आईचा डबा आणि बाबांचा चष्मा असतो, आणि ज्या घरात बाबालाही ‘अरे’ म्हणतात, तिथे बाबाचा चष्मा. दोन्ही शुद्ध आहेत.

सर्वनामांत माझा, तुझा, आमचा, तुमचा, आपला ही रूपे तयारच मिळतात. ‘तिचा’ नेहमी ऱ्हस्व लिहावे. ‘ती’ दीर्घ असली तरी ‘तीचा’ होत नाही. ‘त्याने त्याची वही दिली’ आणि ‘त्याने आपली वही दिली’ यांत फरक आहे : पहिल्या वाक्यातली वही तिसऱ्याच कोणाची असू शकते, दुसऱ्यातली देणाऱ्याचीच असते. इंग्रजी वाचनाच्या प्रभावाने ‘आपला’चा वापर कमी होत चालला आहे, आणि त्याबरोबर ही नेमकेपणाची सोयही जाते.

विशेषनामे आणि घरचा-घराचा हा भेद

आतापर्यंतचे नियम सामान्यनामांचे होते. व्यक्तींची नावे आजच्या भाषेत बहुधा सामान्यरूप घेत नाहीत, आणि त्यामुळे एक उपयुक्त भेद आपोआप जपला जातो. विकासचा मोबाईल एका मुलाचा असतो, विकासाचा आराखडा नगरपालिकेचा. प्रकाशची सही कागदावर असते, प्रकाशाचा वेग भौतिकशास्त्रात. स्त्रियांच्या नावांत ‘सीतेचा’ हे जुने रूप पुराणकथेत शोभते, पण शेजारच्या प्रियाला ‘प्रियेचा’ केले तर अर्थ भलतीकडे जातो. नियतकालिकांची नावेही अशीच जपावी आणि प्रत्यय अवतरणचिन्हाबाहेर, मोकळी जागा न सोडता लिहावा. आगरकरांनी १८८८ साली सुरू केलेल्या पत्राबद्दल लिहिताना ‘सुधारक’चा अंक असे लिहावे, कारण ‘सुधारकाचा’ म्हटले की तो कोणत्याही सुधारणावादी माणसाचा होतो.

आडनावांच्या बाबतीत आज दोन पिढ्यांची रूपे शेजारी शेजारी नांदतात. जुन्या वळणाने देशपांड्यांचा वाडा, कुलकर्ण्यांचा मळा, गोखल्यांचे घर. नव्या वळणाने देशपांडेंचा, कुलकर्णींचा, गोखलेंचे. यांतले कोणतेही निवडावे, पण एका लेखात एकच ठेवावे. ‘यांचा’ हा शब्द जोडून सामान्यरूप टाळण्याची वृत्तपत्री पद्धत पूर्ण नावासाठी सोयीची आहे. मात्र जिथे ‘टिळकांचा अग्रलेख’ म्हणून काम होते, तिथे ‘टिळक यांचा अग्रलेख’ लिहिण्यात काहीच साधत नाही.

गावांच्या नावांत शेवट अकारान्त असेल तर ‘चा’ थेट लागतो आणि दीर्घ स्वर जागचा हलत नाही : नागपूरचा, कोल्हापूरचा, नाशिकचा, बेळगावचा. सप्तमीत मात्र सामान्यरूप होते आणि स्वर ऱ्हस्व होतो, म्हणून कोल्हापूरचा माणूस कोल्हापुरात राहतो. आकारान्त आणि एकारान्त नावे सामान्यरूप घेतात : सातारा–साताऱ्याचा, गोवा–गोव्याचा, पुणे–पुण्याचा, ठाणे–ठाण्याचा.

सामान्यनामांतही सामान्यरूपाशिवाय ‘चा’ लावण्याची एक सुंदर सोय मराठीत आहे, आणि ती चूक समजून सुधारू नये. घराचा दरवाजा हा वास्तूचा भाग असतो, घरचा डबा हा आपल्या माणसांनी दिलेला असतो. गावाचा नकाशा कागदावर असतो, गावचा पाटील गावात. शेजाऱ्याचा मुलगा म्हणजे त्या शेजाऱ्याचे अपत्य. शेजारचा मुलगा म्हणजे बाजूला राहणारा कोणीही. थेट ‘चा’ लागला की नाम वस्तूसारखे न राहता ठिकाणासारखे वागते.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांना सामान्यरूप द्यावे की नाही, हे तो शब्द किती मुरला आहे यावर ठरते. तिकीट इतके मुरले आहे की तिकिटाचा हेच स्वाभाविक. मोबाईल, पेन, कॉलेज अजून पाहुणे आहेत, म्हणून मोबाईलचा, पेनचा, कॉलेजचा. प्रत्यय मात्र दोन्हींना चिकटूनच लिहावा. फोनच्या कळफलकावर शब्द सुचवला गेला की पुढे आपोआप मोकळी जागा पडते आणि ‘मोबाईल चा’ असे दोन तुकडे होतात. पाठवण्यापूर्वी ती जागा पुसावी. इंग्रजीतले मालकीचे चिन्ह मराठी नावाला लावण्याचीही काही गरज नाही.

साखळी जोडताना

मालकाच्या मागे विशेषण असेल तर तेही सामान्यरूपात जाते : मोठा मुलगा–मोठ्या मुलाचा, हे गाव–या गावाचा, चांगली शाळा–चांगल्या शाळेचा. दोघांची एकच वस्तू असेल तर प्रत्यय शेवटच्या नावाला पुरतो, राधा आणि मीनाचे दुकान. दोन वेगवेगळी दुकाने असतील तर राधाचे आणि मीनाचे दुकान असे प्रत्येकीला द्यावे. दोन वस्तूंची लिंगे वेगळी असतील तर एकाच प्रत्ययावर दोन्हींचा भार टाकू नये. ‘मुलाचा सदरा आणि टोपी’पेक्षा ‘मुलाचा सदरा आणि त्याची टोपी’ हे नीट उभे राहते.

आता एक लांब साखळी जोडून पाहू : मी, धाकटी बहीण, शेजारी, जुने लाकूड, दरवाजा, किंमत. बहिणीच्या शेजाऱ्याकडे असलेल्या लाकडी दरवाजाची किंमत सांगायची आहे. शेवटचा शब्द ‘किंमत’ स्त्रीलिंगी, एकवचनी आणि प्रत्ययाविना आहे, म्हणून तिच्या लगेच आधी ‘ची’ येईल. त्यामागे असलेले सगळे दुवे सामान्यरूपात असल्याने तिथे ‘च्या’ येईल. ‘मी’चे ‘माझ्या’, ‘धाकटी बहीण’चे ‘धाकट्या बहिणी’, ‘शेजारी’चे ‘शेजाऱ्या’, ‘जुने लाकूड’चे ‘जुन्या लाकडा’, ‘दरवाजा’ तसाच : माझ्या धाकट्या बहिणीच्या शेजाऱ्याच्या जुन्या लाकडाच्या दरवाजाची किंमत. आणि वाक्य पुढे नेऊन त्या किमतीबद्दल काही बोलायचे झाले, तर शेवटची ‘ची’सुद्धा ‘च्या’ होते आणि अनुस्वार गळतो : माझ्या धाकट्या बहिणीच्या शेजाऱ्याच्या जुन्या लाकडाच्या दरवाजाच्या किमतीबद्दल. व्याकरणाच्या दृष्टीने यात एकही चूक नाही. तरी तीनहून अधिक ‘च्या’ एका दमात आले की वाक्य तोडून दोन करावे : ‘माझ्या धाकट्या बहिणीच्या शेजाऱ्याकडे जुन्या लाकडाचा एक दरवाजा आहे. त्याच्या किमतीबद्दल विचारायचे होते.’